गाडी चढाला दम सोडते? पंप खोलायच्या आधी फीड पंपाचं प्रेशर बघा

रिकामी गाडी बुंगाट पळते, लोड घेतला की चढाला मरते. ॲक्सिलरेटर पार फ्लोअरला टेकवलाय तरी गाडी उचलत नाही, गिअर खाली खाली टाकत जावं लागतं, आणि मागे बघावं तर सायलेन्सरला काळा धूर पण नाही. ही कम्प्लेंट घेऊन गॅरेजला गेलं की दहापैकी सात ठिकाणी पहिला शब्द ऐकायला मिळतो तो म्हणजे "पंप खोलावा लागेल". पंप म्हणजे एफआयपी, मोठा इंजेक्शन पंप. तो उतरवायचा, पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला द्यायचा, दोन दिवस गाडी उभी, टायमिंग परत लावायचं, आणि एवढं करून गाडी तशीच राहिली की मग नोजल, मग टर्बो, मग नशीब.

माझं सांगणं एवढंच आहे की त्या मोठ्या पंपाला हात लावायच्या आधी त्याला डिझेल पोचतंय का ते मोजा. अंदाजाने नको, गेज लावून. काम तासाभराचं आहे, नवीन शिकणाऱ्या पोराला पण जमतं, आणि लागणारं सामान एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं.

काळा धूर नाही म्हणालो ते मुद्दाम म्हणालो, ते डोक्यात ठेवा. गाडीला दम नाही आणि धूर काळाकुट्ट आहे तर डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय, म्हणजे एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलरचे पाईप हे आधी बघायचं. दम नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी पडतंय असं समजून सुरुवात करायची. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते क्लिअर करतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, म्हणजे टाटाच्या १६१३, २५१५ मध्ये येणारं ५.९ लिटरचं सहा सिलेंडर कमिन्स ६बीटी, आणि त्या काळातली बाकी इंजिनं ज्यांच्यावर मायकोचा लाईन पंप आहे, म्हणजे प्रत्येक सिलेंडरसाठी वेगळा प्लंजर एका ओळीत असलेला एफआयपी. (मायकोचं नाव २००८ला बॉश झालं, पण गॅरेजमध्ये आजही मायकोच म्हणतात.) कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच हायप्रेशर नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या गाड्यांचं वेगळं आहे, त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय, तोपर्यंत हे वाचून कॉमन रेलच्या पाईपला पाना लावू नका प्लीज.

डिझेलचा रस्ता असा आहे. टाकी, टाकीतला सक्शन पाईप, तिथून रबर किंवा नायलॉनच्या पाईपने प्री-फिल्टर किंवा पाण्याचा कप, मग फीड पंप, मग डिझेल फिल्टर एक किंवा दोन, मग एफआयपीची गॅलरी (पंपाच्या आतली डिझेल साठायची पोकळी), आणि जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लो वॉल्व्हमधून रिटर्न पाईपने परत टाकीत. मॅन्युअलमध्ये ज्याला लिफ्ट पंप म्हणतात तोच आपला फीड पंप. काही इंजिनात तो एफआयपीच्याच अंगाला बोल्टने बसवलेला असतो आणि त्याच्याच कॅमवर चालतो, काहीत इंजिनच्या ब्लॉकवर असतो.

आता हा फीड पंप चालतो कसा ते समजून घ्या, कारण पुढची सगळी रीडिंग यावरच कळतात. प्लंजर टाईपमध्ये कॅम प्लंजरला ढकलतो तेव्हा स्प्रिंग दाबली जाते, आणि कॅम उतरला की ती स्प्रिंग प्लंजरला परत मारते, त्या एकाच फटक्यात डिझेल पुढे ढकललं जातं आणि मागून टाकीतलं ओढलं पण जातं. म्हणजे प्रेशर कॅम बनवत नाही, स्प्रिंग बनवते! पुढे डिझेल लागत नसेल तर प्लंजर पूर्ण परत येतच नाही, अर्धवट हलत राहतो, आपोआप कमी पाठवतो. म्हणूनच थकलेल्या स्प्रिंगचा पंप आयडलला एकदम चांगला दिसतो आणि लोडला उघडा पडतो. आत दोन छोटे नॉन रिटर्न वॉल्व्ह असतात, एक येणारा एक जाणारा, त्यांच्याखाली कचऱ्याचा एक कण जरी अडकला तरी प्रेशर अर्ध्यावर येतं.

आणि गॅलरीत प्रेशर कमी असेल तर बिघडतं काय? तर एफआयपीच्या प्लंजर एलिमेंटला (प्लंजर आणि तो ज्यात चालतो ती बॅरल, यांची जोडी) प्रत्येक स्ट्रोकला भरायला फार कमी वेळ मिळतो, हजारो आरपीएमला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत, तेवढ्यात बॅरल पूर्ण भरली नाही तर रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) कितीही पुढे असू दे, नोजलला डिझेल कमीच जाणार. रोटरी पंपात (सगळ्या सिलेंडरना एकाच फिरत्या डोक्यातून डिझेल वाटणारा पंप) तर याहून वाईट, कारण तो डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. अमेरिकेत याच ५.९ कमिन्सचं २४ वॉल्व्हचं इंजिन १९९८ ते २००२ च्या डॉज पिकअपमध्ये यायचं, त्यात इलेक्ट्रिक फीड पंप आणि बॉशचा व्हीपी४४ रोटरी पंप, फीड पंप थकला की मागोमाग तो महागडा पंप जायचा. तिथले लोक त्यामुळे प्रेशर गेज कायमचंच बसवून घेतात आणि काटा १० पीएसआयच्या खाली गेला की गाडी थांबवतात. आपल्याकडे लाईन पंप दणकट आहे म्हणून तो लगेच मरत नाही, एवढाच फरक.

सामान काय लागतं. एक प्रेशर गेज, ० ते ४ किलोचं किंवा ० ते ६० पीएसआयचं, ग्लिसरीन भरलेलं घ्या कारण साध्या गेजचा काटा इतका थरथरतो की आकडा वाचता येत नाही. १० किलोचं किंवा एअर ब्रेकचं गेज वापरू नका, त्यात अर्धा किलोचा फरक केसाएवढा दिसतो आणि आपल्याला तोच फरक बघायचाय. एक व्हॅक्युम गेज, मर्क्युरीच्या मिलीमीटरमध्ये वाचता येणारं. डिझेलला चालणारा होज पाईप दीड-दोन मीटर, क्लिपा, पाईपसाठी एक टी जोड. डबल बँजो बोल्ट, म्हणजे लांब पोकळ बोल्ट ज्याच्यावर दोन बँजो (पाईपच्या टोकाच्या गोल कड्या) एकावर एक बसतात, लाईन पंपाच्या इनलेटला बहुतेक १४ एमएमचा असतो पण चुडी बघितल्याशिवाय विकत घेऊ नका, जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जा. नवीन कॉपर वॉशर मूठभर. फूटभर पारदर्शक पाईप. स्वच्छ कापड, सूत सुटणारं बनियन नको. डबा, टॉर्च, आणि एक वही.

आकड्यांची भाषा पण एकदा जुळवून घ्या. गॅरेजमध्ये आपण किलो म्हणतो, एक किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय, एक बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० केपीए. कामापुरतं बार आणि किलो एकच धरलं तरी चालतं.

कामाला लागायच्या आधी गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, पुढच्या-मागच्या चाकाला लाकडी ठोकळे. केबिन टिल्ट होत असेल तर वर केल्यावर लॉक आणि स्टँड दोन्ही लागल्याची खात्री स्वतः हाताने करा, दुसऱ्याने लावलं म्हणून विश्वास ठेवू नका. इंजिन थंड असताना बँजो खोला, गरम टर्बोवर किंवा मॅनिफोल्डवर डिझेल सांडलं तर पेट घेतं. खाली सेल्फ किंवा अल्टरनेटर असेल तर त्यावर कापड किंवा प्लास्टिक टाका. बिडी-सिगरेट लांब. आणि एक गोष्ट नवीन पोरांना कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, आपण काम करतोय ती लो प्रेशरची बाजू आहे, एफआयपीपासून नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपांचं तसं नाही. तिथे २०० बारच्या वर प्रेशर असतं, बारीक गळतीची धार कातडी फोडून आत जाते, वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि आतून बोट सडायला लागतं. तिथे बोट फिरवून लीक शोधायचं नाही. चुकून लागलंच तर तडक हॉस्पिटल, दुखत नसलं तरी.

गेज लावायच्या आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्या. टाकीत डिझेल निदान अर्धं असू दे. टाकीचं झाकण गाडी चालून आल्यावर लगेच उघडा, हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्युम होतोय आणि बिचारा फीड पंप त्याच्याशी कुस्ती खेळतोय. कपात पाणी आहे का ते बघून सोडून द्या, पावसाळ्यात तर हमखास असतं. फिल्टर कधी बदललाय ते ड्रायव्हरला विचारा, "आत्ताच" हे उत्तर धरू नका, किलोमीटर विचारा. फीड पंपाच्या इनलेट बँजोत किंवा त्याच्या छोट्या कपात बारीक जाळी असते, ती खोलून बघा, अनेक गाड्यांत ती कोणी जन्मात साफ केलेली नसते. हँड प्रायमरचा (हाताने डिझेल चढवायच्या छोट्या पंपाचा) दट्ट्या पूर्ण आवळलेला आहे का बघा, तो ढिला राहिला किंवा त्याची रिंग गेली असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. सक्शन साईडचं हेच लक्षात ठेवायचं, तिथे लीक असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते.

आणि डिपस्टिक काढा. ऑईलची लेव्हल वाढलेली दिसली किंवा ऑईलला डिझेलचा वास येत असेल तर टेस्ट सोडा आणि आधी त्याच्या मागे लागा, कारण फीड पंपाची प्लंजरची दांडी झिजली की डिझेल आतून ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात.

आता हवेची टेस्ट. प्री-फिल्टर आणि फीड पंपाच्या मधे तो फूटभर पारदर्शक पाईप घाला, क्लिपा लावून. पारदर्शक पाईप फक्त या टेस्टपुरता, मॅनिफोल्डपासून लांब, आणि तसाच ठेवून गाडी रोडला पाठवायची नाही. एअर काढा, म्हणजे फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू एक आटा ढिला करा, प्रायमरचा दट्ट्या सोडवून पंप करत रहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तेव्हा स्क्रू आवळा आणि दट्ट्या कडक होईपर्यंत अजून चार-पाच वेळा मारा. हाताला इथेच बरंच कळतं. चांगल्या सिस्टीममध्ये दट्ट्या आठ-दहा झटक्यांत जड होतो, कितीही मारला तरी पोकळ लागत असेल तर एकतर हवा येतेय नाहीतर आतला वॉल्व्ह धरत नाहीये. इंजिन चालू करा आणि टॉर्च मागून धरून पारदर्शक पाईपमध्ये बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जातील, ते राहिलेल्या हवेचे. पाच मिनिटांनंतर पण मोहरीएवढे बुडबुडे एका लाईनीत येत असतील तर मागे कुठेतरी हवा येतेय, मग टाकीकडे एकेक जोड तपासत जायचं, क्लिप, बँजोचा वॉशर, चॅसिसला घासून पातळ झालेला पाईप, टाकीत उतरणारा सक्शन पाईप वरून गंजलेला. हे बंद केल्याशिवाय पुढचं प्रेशर मोजण्यात अर्थ नाही.

बुडबुडे नाहीत? मग गेज लावा. पहिलं ठिकाण फिल्टरच्या नंतर, एफआयपीच्या इनलेटला. बँजोच्या आजूबाजूला आधी डिझेल आणि ब्रशने धुवून घ्या, फिल्टरच्या पुढे गेलेला वाळूचा कण थेट एलिमेंटमध्ये जातो. जुना बोल्ट काढा, डबल बँजो बोल्ट घाला, मूळ बँजो खाली, गेजचा वर, प्रत्येक फटीत नवीन कॉपर वॉशर, म्हणजे एकूण तीन. गेजचा होज फॅनपासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. परत एअर काढा, इंजिन चालू करा, सगळे जोड कोरडे आहेत का बघा.

इंजिन गरम होऊ द्या आणि वहीत लिहायला लागा. आयडलला किती, १५०० आरपीएमला किती, आणि बिनलोड फुल रेसला किती. लाईन पंपाच्या गॅलरीत साधारण १ ते २.५ बार असायला पाहिजे. कमिन्स बी सिरीजच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन टाईप लिफ्ट पंपाला किमान १७२ केपीए म्हणजे २५ पीएसआय धरलेत, आणि डायफ्राम टाईपला फक्त २१ केपीए म्हणजे ३ पीएसआय. दोघांत केवढा फरक आहे बघा, म्हणून आपल्या इंजिनावर कुठल्या टाईपचा पंप आहे ते ओळखल्याशिवाय "प्रेशर कमी आहे" असं बोलायचं नाही. आपल्या इंजिनच्या मॅन्युअलचा आकडा हाच शेवटचा शब्द.

आकड्याइतकंच काट्याचं वागणं महत्त्वाचं. चांगल्या पंपाचा काटा बारीक थरथरत एका जागी उभा असतो आणि रेस वाढवली की थोडा वर चढतो. रेस वाढवल्यावर काटा खाली यायला लागला तर पंपाला मागणी पुरवता येत नाहीये, किंवा त्याला मागून मिळत नाहीये. काटा लांब लांब उड्या मारत असेल तर हवा किंवा अडकलेला वॉल्व्ह.

पण बिनलोडची टेस्ट ही अर्धीच टेस्ट आहे, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. मी पण आधी थांबायचो. एक २५१५ होती, कॉईलचा लोड घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जाणारी. खंबाटकीच्या चढाला लागली की अर्ध्यात मरायची, ड्रायव्हर साईडला घेऊन इंजिन बंद करायचा, पाणी-बिणी पिऊन दहा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी एकदम फ्रेश, वरपर्यंत चढायची. माझ्याकडे यायच्या आधी एका वर्कशॉपने तिचा एफआयपी उतरवून कॅलिब्रेशन करून, नोजल बदलून दिले होते आणि मालकाचा मोठा खर्च झाला होता. मी गेज लावलं, उभ्या गाडीला आयडलपासून फुल रेसपर्यंत सगळं ओके. मालक माझ्याकडे बघतोय, मी गेजकडे. शेवटी गेज तसंच ठेवून लोड गाडी चढाला घातली, काटा सुरुवातीला पावणेदोन किलोवर होता, तीन-चार मिनिटं तिथेच, आणि मग हळूहळू, घड्याळाचा काटा सरकावा तसा, दीड, सव्वा, एक, पाऊण, आणि पाऊणला गाडीने दम सोडला. बंद करून थांबलो, चालू केली, परत पावणेदोन. पंप खराब असता तर असा विश्रांती घेऊन बरा झाला नसता. टाकी उतरवली तर आत चिंधी! कधीतरी झाकण हरवलं असणार आणि कोणीतरी टाकीच्या तोंडात कापड कोंबलं असणार, ते आत पडलं. गाडी ओढायला लागली की चिंधी हळूहळू सक्शन पाईपच्या तोंडाला जाऊन चिकटायची, बंद केली की सुटून तरंगायची. हाताच्या पंजाएवढी चिंधी, त्यासाठी एफआयपी उतरला होता. त्या दिवसापासून मी लोडवर रीडिंग घेतल्याशिवाय कोणाच्याच पंपाबद्दल मत देत नाही.

तर लोड टेस्ट अशी करा. गेज केबिनच्या बाहेर, आरशाच्या दांडीला किंवा वायपरपाशी केबल टायने घट्ट बांधा, काचेतून दिसेल असं. डिझेलचा होज केबिनच्या आत घ्यायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी, फुटला तर डिझेल ड्रायव्हरच्या पायावर आणि डोळ्यात. ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं, गेजकडे शेजारी बसलेल्याने, आणि त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढत जायचं, नंतर निवांत बघता येतं की काटा कधी पडला आणि गाडी कधी मरायला लागली. बाहेर फूटबोर्डवर कोणी उभं राहायचं नाही. नेहमीचा लोड, नेहमीचा चढ, फुल ॲक्सिलरेटर, आणि एक मिनिटात समाधान मानू नका, कम्प्लेंट जितक्या वेळाने येते तितका वेळ चालवा.

यार्डात परत आलात की दुसरं रीडिंग, फिल्टरच्या आधी, म्हणजे फीड पंपाच्या आउटलेटला. तोच गेज, तेच आरपीएम. या दोन आकड्यांतला फरक हा फिल्टरने खाल्लेला. कमिन्सच्या हिशोबाने ३५ केपीए, म्हणजे ५ पीएसआयपर्यंत फरक चालतो. आधी दोन किलो आणि नंतर एक किलो असेल तर फीड पंप बिचारा निर्दोष आहे, फिल्टर बदला आणि घरी जा. स्वस्तातला लोकल फिल्टर नवा टाकून पण फरक जास्त राहतो असं मी पाहिलंय, त्यामुळे नवीन फिल्टर टाकल्यावर परत मोजा.

फिल्टरच्या आधीच प्रेशर कमी आहे? मग तिसरं रीडिंग, फीड पंपाच्या मागे, सक्शनला व्हॅक्युम गेज. टी घालून जोडा, एअर काढा, फुल रेसला वाचा. बी सिरीजला १०० एमएम मर्क्युरी ही लिमिट आहे. त्याच्या वर जात असेल तर पंप ओढतोय पण मागून येत नाहीये, म्हणजे प्री-फिल्टर, जाळी, चेपलेला पाईप, टाकीचं झाकण, चिंधी. रबर पाईप बाहेरून धडधाकट आणि आतून अस्तर सुटलेला असाही प्रकार असतो, ओढ लागली की ते अस्तर झडपेसारखं बंद होतं, म्हणून जुना पाईप कापून आत बघायला लाजू नका. आणि व्हॅक्युम अगदी थोडा, बुडबुडे नाहीत, मागून काही अडलेलं नाही, तरी पुढे प्रेशर नाही, तर आता फीड पंपावर बोट ठेवायला हरकत नाही.

हरकत नाही, पण त्याआधी अजून एक चेक. ओव्हरफ्लो वॉल्व्हची स्प्रिंग मेली की गॅलरीतलं प्रेशर टिकतच नाही, सगळं डिझेल आरामात रिटर्नला निघून जातं आणि दोष फीड पंपावर येतो. इंजिन आयडलला ठेवून रिटर्नचा रबर पाईप कापड गुंडाळून पक्कडीने दोन-तीन सेकंद दाबा, जास्त नको, आणि गेज बघा. काटा झटकन वर उडाला तर फीड पंपात जोर आहे, वॉल्व्ह बदला, तो फीड पंपापेक्षा खूप स्वस्त असतो. काटा हलला नाही तर पंपात जोर नाही. रिटर्न पाईप नायलॉनचा किंवा लोखंडी असेल तर ही टेस्ट करू नका, पाईपच जाईल. वॉल्व्हच्या जागी साधा बँजो बोल्ट लावलेल्या गाड्या पण सापडतात, कोणीतरी कधीतरी हाताला लागला तो बोल्ट लावून दिलेला असतो, त्यामुळे तो बोल्ट काढून आत स्प्रिंग आणि गोळी आहे का ते डोळ्याने बघाच.

फीड पंपच निघाला तर किट मिळतं, त्यात वॉल्व्ह, स्प्रिंगा, वॉशर येतात. बॉडीत प्लंजर चालतो ती जागा गुळगुळीत असेल तर किटवर काम होतं, ओरखडे दिसले किंवा दांडी हलवून खेळ जाणवला तर पूर्ण पंप बदला. किट टाकून ऑईलमध्ये डिझेल उतरायचं थांबत नाही.

कॉमन रेलचं आता. बीएस४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, बीएस६ नंतरच्या ट्रक जवळपास सगळ्या इलेक्ट्रॉनिक. त्यात फीड पंप बहुतेक वेळा हायप्रेशर पंपाच्याच पाठीला जोडलेला गिअर पंप असतो आणि रेलमध्ये १६०० बार किंवा त्याच्याही वर प्रेशर असतं. तिथे नवीन माणसाने फक्त सक्शनकडचं बघावं, बुडबुडे, प्री-फिल्टर, व्हॅक्युम, ते पण कंपनीच्या मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवून. रिटर्न दाबायची टेस्ट तिथे अजिबात नाही, आणि चालू इंजिनवर रेल किंवा इंजेक्टरच्या नटला पाना लावायचा नाही म्हणजे नाही. एअर काढायला मेकॅनिकल गाडीत नोजलचे नट ढिले करायची जी सवय असते ती इथे जीवावर बेतते.

सगळं झालं की गेज काढून मूळ बँजो बोल्ट परत लावा, कॉपर वॉशर परत नवीन, एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट पोकळ असतो, लांब पाना लावून जोर काढला की मानेतून तुटतो, हाताला बेताचा ताण लागेल इतकाच आवळा. एअर काढा, दट्ट्या लॉक करा, इंजिन दहा मिनिटं चालवून सगळे जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा, कागदावर डिझेलचा डाग लगेच दिसतो. वीस-तीस किलोमीटर चालून आल्यावर परत एकदा बघा. आणि वहीतले आकडे, म्हणजे फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या नंतर, सक्शन, लोडवर, तारीख आणि किलोमीटरसकट केबिनमध्ये दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी गाडी परत आली की कुठला आकडा सरकलाय ते दार उघडल्या उघडल्या कळतं.